पटलं?

परवा चिंचवडच्या बाजारात साडी घ्यायला गेले होते. दुकानदाराने चार साड्या उलगडून दाखवल्या, पाचवीचा पदर माझ्या खांद्यावर टाकला आणि विचारलं, "काय ताई, पटलं का?" त्या बिचाऱ्याला भाव पटला का एवढंच विचारायचं होतं. पण मी खांद्यावरचा पदर काढून ठेवला आणि साडी न घेताच पायऱ्या उतरले. "अहो ताई, कमी करतो की थोडं!" असं तो मागून ओरडत राहिला. त्याला काय सांगणार, की बाबा रे, आमच्या शाळेत एक माणूस हा शब्द उठताबसता वापरायचा आणि एक दिवस त्याने तो टाकून दिला. तेव्हापासून मला तो ऐकवत नाही.

तो माणूस म्हणजे आमचे विज्ञानाचे सर. चिंचवड गावठाणाला लागून एका संस्थेची मराठी माध्यमाची शाळा आहे, तिथे ते विज्ञान शिकवत आणि मी मराठी. आमची मुलं म्हणजे कोणाची? कुणाचा बाप चाकणला प्रेसशॉपमध्ये, कुणाचा भोसरीत लेथवर, कुणाची आई सोसायट्यांमधून पोळ्या लाटणारी. जालना, बीड, सोलापूर, जिथून जिथून माणसं पोटामागे इथे आली, त्या सगळ्यांची पोरं आमच्या बाकांवर. आणि या पोरांना पेशीपटल शिकवण्यासाठीच आपला जन्म झाला आहे, अशी सरांची पक्की समजूत होती.

पेशीपटल म्हणजे शरीरातल्या प्रत्येक पेशीभोवतीचं पातळ आवरण. पुस्तकात त्याच्या वाट्याला जेमतेम एक परिच्छेद आणि एक आकृती. दुसरे शिक्षक ते एका तासात उरकून पुढे सरकतात. सर तिथेच मुक्काम ठोकायचे. पोर्शन मागे पडायचा, मोठ्या बाई, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका, बोलवून सुनवायच्या, सर मान खाली घालून ऐकून घ्यायचे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पटलच. हृदय, मेंदू यांना त्यांच्या लेखी फारशी किंमत नव्हती. "हृदय बंद पडलं की माणूस मरतो हे खरं आहे, बाई," ते मला सांगायचे, "पण पटल नसतं तर माणूस झालाच नसता. आत आणि बाहेर हा फरकच जगात आला नसता. सगळं नुसतं पाणी."

मी मराठीची. मला आत आणि बाहेर म्हणजे शब्दयोगी अव्यय. पण सर बोलायला लागले की ऐकावंसं वाटायचं, हेही खरं.

तास संपताना "समजलं का?" असं त्यांनी कधी विचारलं नाही. समजलं या शब्दावर त्यांचा राग होता. "समजतं तर घोड्यालाही. समजलं म्हणजे कानात शिरलं. पटलं म्हणजे पटलातून आत गेलं. बाहेरची गोष्ट आपली झाली." हे व्युत्पत्तीच्या दृष्टीने शंभर टक्के चूक आहे आणि मी त्यांना तसं तोंडावर सांगितलं होतं. पटणं कुठलं, पटल कुठलं, दोघांचं गोत्र वेगळं. त्यावर ते म्हणाले, "बाई, तुम्ही जन्माचा दाखला बघता. मी संसार बघतो." मग मी नाद सोडला. फळ्यापुढे उभे राहून, खडूने पांढरी झालेली बोटं झटकत ते विचारायचे, "पटलं?" ज्यांना पटलं ती मुलं "पटलं!" म्हणायची. आणि ज्याला पटलं नसेल त्याने "नाही पटलं" म्हणायचं, हा त्यांच्या वर्गाचा नियम होता. नाही पटलं म्हणणाऱ्याला शर्टाच्या खिशातून दोन मनुके मिळत.

मनुके त्यांच्या खिशात कायम. परासरण, म्हणजे पटलातून पाण्याचं आत-बाहेर होणं, शिकवताना सुकलेला मनुका पाण्यात टाकून फुगवून दाखवायचा असतो, त्यासाठी म्हणून कधीतरी आणलेले, ते तिथेच राहिले. त्यांच्या प्रत्येक पांढऱ्या शर्टाच्या खिशाला तळाशी एक तपकिरी डाग होता. पावसाळ्यात मुंग्या लागायच्या. सर वर्गात शिकवताहेत आणि खिशातून मुंग्यांची रांग कॉलरकडे निघाली आहे, हे मी दारातून पाहिलेलं आहे. मुलं हसत नव्हती. मुलं फळ्याकडे बघत होती.

एकदा मात्र मी त्यांच्यावर खरोखर चिडले. चिंचवड स्टेशनजवळ आम्ही दोन-तीन शिक्षक मिसळ खायला गेलो होतो. माझ्या वाटीत रश्श्यावर लालभडक तर्रीचा तवंग आला होता आणि मला भूक लागली होती. सर हात धुऊन आले ते बोटाला साबण तसाच ठेवून. वाटीत डोकावून म्हणाले, "बाई, हे बघा, तेल पाण्याला तोंड दाखवत नाही. आपलं आपण एकत्र येतं. त्याला कुणी शिकवलेलं नाही. असंच पहिलं पटल कधीतरी समुद्रात झालं असेल." आणि माझ्या वाटीत बोट बुडवलं. तवंग फाटून कडेला पळाला. "पळाला बघा! पटलाच्या कणांसारखं साबणालाही एक डोकं असतं आणि एक शेपूट. डोक्याला पाणी आवडतं, शेपटीला तेल. पण हा घर बांधत नाही, दुसऱ्याचं फोडतो. म्हणून तर करोनात हात धुवा म्हणत होते. विषाणूचं घर तेलाचं." ते सगळं खरं असेल. माझी मिसळ साबणाची झाली त्याचं काय? त्यांनी मला दुसरी मागवून दिली, पण तिच्याकडेही ते ज्या नजरेने बघत होते, ती बघून मी वाटी मांडीवर घेऊन खाल्ली.

आमच्याकडच्या मुलांना पेशीपटल म्हटलं की एकच उदाहरण सुचायचं, कंपनीचं गेट. गेटवर वॉचमन असतो, कार्ड बघतो, कामाचा माणूस आत सोडतो, बाकीच्यांना हाकलतो. बहुतेक गाइडांमध्येही असंच काहीसं छापलेलं असतं. सरांना हे उदाहरण सहन होत नसे. एका मुलाने उत्तरात तसं लिहिलं तेव्हा त्यांनी त्याला उभं केलं. "गेट बंद केलं तर कंपनी चालते का?" "चालते सर. मागचं गेट असतं." वर्ग हसला. सरही हसले. मग म्हणाले, "गेट लोखंडाचं असतं रे. एकदा बसवलं की जागचं हलत नाही. पटल हलतं, वाहतं. शेजारी शेजारी जागा बदलतात. बारीक भोक पडलं तर आपलं आपण जुळून येतं, वेल्डिंगवाला बोलवावा लागत नाही. आणि मुख्य म्हणजे, वॉचमन कंपनीचा मालक नसतो. पटल पेशीचंच अंग असतं. पटलं?" त्या मुलाने थोडा विचार केला आणि म्हणाला, "नाही पटलं सर. माझे पप्पा वॉचमन हायेत, ते म्हणतात कंपनी माझीच हाय." सरांनी त्याला खिशातले सगळे मनुके देऊन टाकले.

आणि मग ते मैदानावरचं प्रकरण. ते सगळ्या चिंचवडात गाजलं.

पेशीपटल ज्या रेणूंचं बनतं, त्या फॉस्फोलिपिडला एक डोकं आणि दोन शेपट्या असतात. डोक्याला पाणी हवं, शेपट्यांना पाण्याचा तिटकारा. म्हणून ते दोन थरांत राहतात. डोकी बाहेर, पाण्याकडे, आणि शेपट्या आत, एकमेकींच्या आडोशाला. हे फळ्यावर काढून सरांचं समाधान होईना. त्यांच्या मनात आलं, की पोरालाही एक डोकं आणि दोन पायच असतात. झालं! मधली सुट्टी संपल्यावर आठवीचा अख्खा वर्ग मैदानात नेला आणि दोन रांगांत उताणा झोपवला, पायांना पाय लावून, डोकी बाहेर. दोन दांडगी पोरं मधे कमान करून उभी केली, ती प्रथिनं, म्हणजे आत-बाहेर करायची दारं. कडेच्या दोघा-तिघांच्या हातात कडुलिंबाच्या डहाळ्या दिल्या, त्या साखरेच्या साखळ्या. "यांच्यावरून पेशीला कळतं, कोण आपलं आणि कोण परकं." मी शेजारच्या वर्गातून बघत होते, तेवढ्यात सरांनी मला हाक मारली. "बाई, या इकडे! तुम्ही कोलेस्टेरॉल व्हा."

आता मला आधीच डॉक्टरांनी त्यावरून दम भरलेला. आणि माझ्या अंगयष्टीकडे बघून हे सुचलं की काय, असं वाटून माझा पारा चढला. पण सर तळमळीने सांगत होते, "अहो बाई, कोलेस्टेरॉल फुकट बदनाम आहे. तेच पटलाला सांभाळतं. उन्हाळ्यात सैल पडू देत नाही, थंडीत ताठू देत नाही. वर्गात एखादी शिस्तीची बाई लागतेच." शिस्तीची म्हटल्यावर काय करणार, पदर खोचला आणि पोरांच्या पायांच्या मधोमध स्टूल टाकून बसले.

मोठ्या बाईंनी हे दृश्य वरच्या मजल्यावरून पाहिलं. नुकतीच सगळ्यांनी शाळेची खिचडी खाल्ली होती. खिचडीनंतर अर्ध्या तासाने अख्खा वर्ग मैदानात रांगेने आडवा, मधे एक बाई बसलेली, आणि सर रांगेतून वाकून वाकून बघत फिरताहेत! मोठ्या बाईंनी दुसरा कुठलाच विचार केला नाही. तडक एकशे आठला फोन लावला. अँब्युलन्स आली, मागोमाग दोन रिक्षांतून आया आल्या, त्यातल्या एकीने तर मैदानाच्या फाटकातच हंबरडा फोडला. सरांना काही कळेना. ते अँब्युलन्सवाल्याला म्हणत होते, "अहो, त्या कमानीतून या, पटलावर पाय देऊ नका!"

त्यांना कारणे दाखवा नोटीस निघाली. खुलाशात त्यांनी लिहिलं, 'मुले पडली नव्हती. मुले पटल झाली होती.' मोठ्या बाईंनी तो कागद आम्हाला वाचून दाखवला आणि कपाळावर हात मारून घेतला.

त्या मैदानावर पडलेल्यांत रोहिणी होती. जालन्याकडची. बाप चाकणला एका कंपनीत कंत्राटी, शिफ्ट बदलली की पोरीचं झोपेचं वेळापत्रक बदलायचं, कारण खोली एकच. बारीक, तेल चोपडलेल्या दोन वेण्या, आणि तोंडात कायम एकच वाक्य, "न्हाई पटलं, सर." अँब्युलन्स परत गेली, कपडे झटकत पोरं वर्गात आली, सरांचा चेहरा उतरलेला. तरी सवयीने त्यांनी विचारलं, "पटलं?"  रोहिणी उठली. "न्हाई पटलं. मधी समद्या तेलाच्या शेपट्या हायेत म्हनता, आन् त्यांना पानी चालत न्हाई. मग पानी आत जातं कसं? मनुका फुगतो कसा?"

 सर स्टाफरूममध्ये आले ते हातातला खडू तसाच घेऊन. "बाई, त्या पोरीने काय विचारलं तुम्हाला माहीत आहे? हे विचारायला शास्त्रज्ञांना किती काळ लागला माहीत आहे?" त्यांनी उत्तर लगेच दिलं नाही. घरी जाऊन वाचलं, पुन्हा वाचलं, आणि काही दिवसांनी वर्गात सांगितलं की थोडं पाणी कसंबसं निसटून जातं, पण बाकीच्या पाण्यासाठी पटलात वेगळी दारं असतात, फक्त पाण्याची, तिथून दुसरं कुणी जाऊ शकत नाही. रोहिणी म्हणाली, "आता पटलं." नोटीस मिळाल्याचं दुःख त्या दोन शब्दांनी धुऊन निघालं. त्यांना मी त्याहून सुखी कधी पाहिलं नाही, आणि पुढे तर प्रश्नच नव्हता.

कारण आमचा पट घसरत होता. पट म्हणजे वर्गातल्या मुलांची संख्या. शिक्षकाचा जीव त्या एका शब्दात असतो. आजूबाजूला इंग्रजी शाळा उगवल्या, पिवळ्या बस गल्लीत शिरू लागल्या. जून महिन्यात आम्ही शिक्षक दारोदार फिरायचो, की बाबांनो, आमच्या शाळेत घाला. दार उघडणारी बाई एकच विचारायची, "सेमी आहे का?" सेमी म्हणजे सेमी-इंग्रजी. बाकी सगळं मराठीत, गणित आणि विज्ञान तेवढं इंग्रजीत. सर प्रामाणिकपणे म्हणायचे, "नाही, पूर्ण आहे." दार बंद व्हायचं.

शेवटी संस्थेच्या सचिवांनी सभा घेतली. सचिव इथले मूळचे, गावकीतले, शेतांच्या सोसायट्या झाल्या तरी पायात वहाणाच. माणूस वाईट नव्हता. शाळेसाठी त्यांनी स्वतःची जागा दिलेली. ते म्हणाले, "हे बगा सर, आमाला का मराठीचा राग हाय व्हय? पर पोरं न्हाई आली तर शाळंला कुलूप. आमच्या घरची नातवंडं बी इंग्लिशलाच हायती, खोटं कशाला बोलू? आठवीपासनं वर सेमी करायचं ठरलंय. तुमाला इंग्रजीतनं जमत आसंल तर तुमीच शिकवा. न्हाई तर नवीन मॅडम बगून ठेवलीय. तुमी लायब्ररी आन् कार्यानुभव घ्या. पगाराला धक्का न्हाई लागायचा."

म्हणजे नोकरी जाणार नव्हती. फक्त पटल जाणार होतं.

मी त्यांना सांगितलं, "सर, लायब्ररी घ्या. दोन-तीन वर्षं उरलीत, सुखाने काढा. कागदी फुलं शिकवा." ते म्हणाले, "आणि पोरांना पटल कोण शिकवणार?" मी म्हटलं, "मॅडम शिकवतील." त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू पोटचं पोर दुसऱ्याला देऊन टाका म्हणून मी सांगितलं असावं. पटलापासून तुटायचं नाही, एवढ्या एका हट्टापायी त्यांनी इंग्रजी पत्करलं. त्या हट्टाने त्यांचं काय केलं, ते पुढे सांगते.

उन्हाळ्याच्या सुट्टीत हा माणूस रोज शाळेत येऊन इंग्रजी पाठ करत बसायचा. विज्ञान नव्हे, वाक्यं. 'द सेल मेम्ब्रेन इज सिलेक्टिव्हली परमिएबल.' म्हणजे पटल निवडक्षम असतं, हवं तेच आत-बाहेर सोडतं. परमिएबल शब्दावर जीभ अडखळली की मांडीवर थाप मारून पहिल्यापासून. मराठीत हाच माणूस एकेका शब्दासाठी हात हवेत फिरवायचा, पोरांच्या पोटात शिरायचा. इंग्रजीत तो हात मांडीवर ठेवून बसे. एक शब्द इकडचा तिकडे झाला तर सगळं कोसळेल, अशी भीती त्यांच्या चेहऱ्यावर असायची. मला ते बघवत नसे. मी वह्या तपासायचं सोंग करायचे.

एक दिवस त्यांनी मला आणि इंग्रजीच्या मॅडमना विचारलं, "'पटलं'ला इंग्रजीत काय म्हणायचं?"

"अंडरस्टुड?" मॅडम म्हणाल्या.

"ते समजलं झालं."

"मग अ‍ॅग्रीड?"

"ते कबूल. पोरं माझ्याशी करार करताहेत का?"

"कन्व्हिन्स्ड म्हणा."

सरांनी ते दोनदा पुटपुटून पाहिलं. म्हणाले, "यात माझ्या बाजूने ढकलल्यासारखं होतं. पटलं म्हणजे त्याचं त्याने आत घेतलं. दार त्याचं आहे. तसा शब्द नाही?" मॅडम जरा कंटाळल्या होत्या. "सर, तुम्ही सरळ 'एनी डाउट्स' म्हणा ना. सगळे तेच म्हणतात." सर माझ्याकडे वळले. मी मराठीची, माझ्याकडे काय असणार? मी म्हटलं, "तेवढं एक मराठीत विचारा की." ते म्हणाले, "संस्थेने सांगितलंय, तासाला एकही मराठी शब्द नको. पालक खिडकीतून ऐकतात."

शाळा सुरू झाली. दिवाळीच्या आधी संस्थेची समिती सेमीचे वर्ग बघायला आली. सचिव, दोन पाहुणे, मोठ्या बाई आणि उपचार म्हणून मी, असे आम्ही नववीच्या वर्गात मागच्या बाकांवर बसलो. मुलांच्या गळ्यात नवे टाय. भिंतीवर नवा डिजिटल बोर्ड. सरांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि खिसा रिकामा होता. मी मुद्दाम पाहिलं.

त्यांनी बोर्डावर रंगीत आकृती लावली. सुरेख आकृती. निळी डोकी, पिवळ्या शेपट्या, मधे हिरवी प्रथिनं. सर एक वाक्य म्हणायचे आणि वर्ग ते एका सुरात परत म्हणायचा. 'द फॉस्फोलिपिड हॅज अ हायड्रोफिलिक हेड.' 'हॅज अ हायड्रोफिलिक हेड!' 'अँड टू हायड्रोफोबिक टेल्स.' 'टू हायड्रोफोबिक टेल्स!' एकही अडखळ नाही. ही तीच मुलं होती, जी आदल्या वर्षी मैदानात धुळीत पाठ टेकून पटल झाली होती. त्यांना तेव्हा आपल्याला दोन शेपट्या आहेत हे ठाऊक होतं. आता ती आकृतीकडेही बघत नव्हती, सरांच्या ओठांकडे बघत होती, पुढचा शब्द कुठला येतो म्हणून.

शेवटी सर थांबले. खडू नव्हताच, तरी सवयीने बोटं झटकली.  त्यांचे ओठ 'प'साठी मिटलेले मी पाहिले. मग ते उघडले आणि सर म्हणाले, "एनी डाउट्स?"

"नो सर!" वर्ग गरजला.

समितीने टाळ्या वाजवल्या. सचिव माझ्या कानाशी म्हणाले, "कळलं न्हाई मला काय बी, पर भारी वाटलं राव." त्यांनी सरांच्या पाठीवर थाप मारली आणि पुढच्या वर्षी पट वाढला. दहावीचा विज्ञानाचा निकाल इतका चांगला कधी लागला नव्हता. सरांच्या निरोप समारंभात त्यांना शाल मिळाली, श्रीफळ मिळालं, आणि त्यांनी आभार मानले तेही इंग्रजीत, पाठ करून. सगळं नीट झालं. असं नीट कुणाचं न होवो.

आता ते मुलाकडे रावेतला असतात. उंच इमारत, खाली गेट, गेटवर वॉचमन, तो मोबाइलवर विचारल्याशिवाय आत सोडत नाही. मी एकदा गेले तर सर बागेतल्या बाकावर बसले होते. त्यांना हसवावं म्हणून मी म्हटलं, "सर, हे गेट बघा, निवडक्षम पारपटल!" त्यांना आवडेल असं वाटलं होतं. त्यांनी गेटकडे पाहिलं आणि म्हणाले, "हो. सिलेक्टिव्हली परमिएबल." मग खिशातून मनुक्यांची पुडी काढली. डॉक्टरांनी रक्तासाठी सांगितलेत म्हणून खातात. मी विचारलं, भिजवून का खात नाही? म्हणाले, "कशाला? पोटात गेले की झालं."

लहान भोक आपलं आपण जुळतं, हे ते मुलांना नेहमी सांगायचे. मोठ्या भोकाचं काय होतं, तेही सांगायचे. मला तेव्हा ते लक्षात ठेवण्यासारखं वाटलं नव्हतं.

रोहिणी दहावीला चांगल्या मार्कांनी पास झाली, विज्ञानातही. पेढे द्यायला आली तेव्हा मी विचारलं, सायन्सला ना? तिने मान हलवली. "न्हाई बाई, कॉमर्स. सायन्स आपल्याला न्हाई झेपत." मी चिडून म्हटलं, "अगं, तुला मार्क आहेत की!" ती म्हणाली, "मार्क हायेत." एवढंच म्हणाली. आता ती चाकणला एका कंपनीत पॅकिंगला आहे, बापाच्याच बसने जाते.

त्या समितीच्या दिवसाचं एक मात्र सांगायचं राहिलं. म्हणजे, राहिलं नाही. मीच टाळत होते.

वर्गाने "नो सर" म्हटलं तेव्हा तिसऱ्या बाकावरून एक हात वर निघाला होता. पूर्ण वर नाही, कानापर्यंत. रोहिणीचा. तिचे ओठ हलत होते, कुठल्या तरी शब्दाने सुरुवात करायची म्हणून, आणि तो शब्द काही येत नव्हता. मला वाटलं होतं, सरांना तो दिसला नसेल. ते त्याच क्षणी बोर्डाकडे वळले.

समिती चहाला गेली. स्टाफरूममध्ये सर आणि मी दोघंच. सर टेबलावर कोपरं टेकून बसले होते. दारात रोहिणी येऊन उभी राहिली. टाय काढून मुठीत धरलेला.

"सर, आज तुमी इचारलंच न्हाई."

"काय गं?"

"पटलं का म्हनून."

सरांनी टेबलावरची कोपरं काढली. मग अगदी हळू, आमच्या जुन्या सरांच्या आवाजात, त्यांनी विचारलं, "विचारलं असतं तर काय म्हणाली असतीस?"

"न्हाई पटलं, म्हनले असते."

"माहीत होतं मला," सर म्हणाले. "तुझा हात दिसला होता. म्हणूनच नाही विचारलं."

त्यांचा हात सवयीने शर्टाच्या खिशात गेला, आणि रिकामाच बाहेर आला.